रोयण

वाळपईच्या बाजारात, बसस्टँडसमोर,
कव्हरं, चार्जर आणि काचांच्या दुकानात
मी दिवसाला साठ-सत्तर वेळा 'परवानगी द्या' दाबते.
लोकांच्या वतीनं.
लोक म्हणतात, तूंच कर गो बाय, आमकां कळना.
मग माझा अंगठा कळल्यासारखं करतो.

सुकांती गावसनं आषाढात नवा फोन घेतला.
तिला बॅटरी हवी होती, उजेडाची.
जुन्याला ती वरच होती, बटण दाबलं की झालं.
मी एक उतरवून दिली, फुकटातली.
बॅटरीनं विचारलं : तुम्ही कुठं आहात हे मला कळू दे?
नेहमी? की फक्त वापरताना?
उजेडाला पत्ता कशाला लागतो,
हे मला तेव्हा सुचलं नाही.
मागं गिऱ्हाईक उभं होतं. मी 'नेहमी' दाबलं.

नगरगावच्या वरच्या रानात
सुकांतीची एक रोयण आहे.
वाळवीनं बांधलेलं, कमरेइतकं उंच मातीचं घर,
ज्याला आमच्याकडं फूल वाहून सातेरी म्हणतात.
उघडीप पडली, चार दिवस ऊन-सावली झाली
की पहाटे तिथं अळमी फुटतात, मिटलेल्या छत्र्यांसारखी.
कुमयाच्या पानांत बांधून ती बाजारात आणते.
नऊच्या आत पुड्या संपतात.
कुठून आणलीस, असं विचारायचं नसतं.
विचारलंच तर म्हणते, "रानांतल्यान."
नवरा वारला, त्याला माहीत नव्हतं.
सुनेला सांगेन म्हणते, पण सून अजून नवी आहे,
लग्नाला अकराच वर्षं झालीत.

नागपंचमीनंतर ती फोन घेऊन आली.
जागा भरली म्हणतो, फोटो निघेना.
मी साफ करायला बसले
आणि नकाशा उघडला, चुकून.
म्हणजे शेजारणीच्या दारावरून जाताना
आत नजर जाते, तेवढंच चुकून.

निळी रेघ.
घर, पाणंद, काजूची बाग, ओहोळ.
ओहोळ दोनदा ओलांडून उलट फिरलेली.
(माग चुकवायला ती अशी चालते तर!
माणसांना चुकवलं होतं तिनं. छान चुकवलं होतं.)
मग चढ, आणि एक ठिपका.
पहाटे ४.५० ते ५.३५. अनामिक रस्ता.
एकूण भेटी : सात.

खाली आणखी एक ठिपका होता.
डिचोलीत, दर गुरुवारी दुपारी, वीस मिनिटं.
तिथं काय आहे ते मी बघितलं नाही.
बघितलं.
एक बंद दुकान आणि पुढं बाकडा.
यापुढं मी काही बोलणार नाही.

तिला सांगितलं. पहिल्या ठिपक्याचं.
ती बराच वेळ पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिली.
"कोणाक कळ्ळें?"
कुणाला असं नाही गो मावशी, कंपनीला.
"तांकां अळमीं जाय?"
नकोत, म्हटलं.
"मागीर?"
हे मला सांगता आलं नाही.
बाहेर कदंब मागं येत होती,
कंडक्टर शिटी वाजवत होता.

बॅटरी काढून टाकली. सगळं बंद केलं.
इतिहास पुसायचा? फोननं दोनदा विचारलं.
घेताना एकदाच विचारलं होतं.

आता ती आदल्या संध्याकाळी येते,
फोन माझ्या ड्रॉवरात ठेवते
आणि रानात दोन सेलची जुनी बॅटरी नेते,
पिवळ्या उजेडाची.
कुणी विचारलंच तर सुकांती गावस
रात्रभर वाळपईत, काचांच्या डब्याशेजारी झोपली होती.

काल तिनं मला एक पुडी दिली. पैसे घेतले नाहीत.
पानं ओली, देठांना तांबडी माती.
दिल्यावर माझ्याकडं बघत राहिली,
नेहमीपेक्षा थोडं जास्त.

फोनातलं गेलंय, मावशी.
ओहोळ दोनदा, मग उलट, मग चढ.
हे कुठं दाबून पुसायचं,
मला माहीत नाही.